मधला परिच्छेद

माझ्या भावानं मला फसवलं. सख्ख्या, धाकट्या भावानं, ज्याला निबंध लिहायला मी शिकवलं. पैशात नाही, घराच्या वाटणीत नाही. तिथं मला फसवणं सोपं नाही. त्यानं आईवर निबंध लिहिला, त्यात आधी मला ठेवलं, आणि छापायला देताना काढून टाकलं. का, असं विचारलं तर म्हणाला, "ताई, परिच्छेद जुळत नव्हते."

मी फुलांचा व्यापार करते. नाशिकच्या फूलबाजारात माझा गाळा आहे. मखमलाबाद, आडगाव, मुंगसरे या बाजूंनी पहाटे झेंडू, शेवंती, निशिगंध येतो, त्यातला बराचसा माल माझ्या गाळ्यावर उतरतो. माझं तोंड फटकळ आहे हे मला कुणी सांगायची गरज नाही. मखमलाबादचा एक मळेकरी माझ्यादेखत दुसऱ्याला म्हणाला होता, "ताईंकडं माल न्यायचा तर घरून पोटभर खाऊन यायचं. भांडायला लय ताकद लागती." मी म्हणाले, "मग तू उपाशी का आलास?" तो हसला, मीही हसले, आणि भाव मी म्हणाले तोच झाला.

या धंद्यात एक गोष्ट मी फार लवकर शिकले. क्रेट वरून बघायचं नसतं. वरची फुलं सगळेच चांगली ठेवतात. हुशार माणूस तळालाही चांगली ठेवतो, कारण नवखं गिऱ्हाईक क्रेट उलटं करून बघतं. कालची, ओली, काळी पडलेली फुलं भरतात ती मधे. म्हणून मी थेट मधे हात घालते. आयुष्यभर तेच केलं. एकदाच केलं नाही, भावाच्या निबंधाच्या वेळी, कारण तो भाऊ होता.

आम्ही सातपूरला राहायचो. वडील तिथल्याच एका कारखान्यात होते. आम्ही शाळेत असतानाच ते गेले. आई त्र्यंबक रोडला बसस्टॉपजवळ हातगाडीवर हार आणि गजरे विकायची. त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्या गाड्या तिथं थांबायच्या. सोमवारी आणि श्रावणात तर तिला मान वर करायला वेळ नसायचा. शाळा सुटली की मी गाडीमागं पोत्यावर बसून गजरे बांधायचे आणि भाऊ शेजारी बसून अभ्यास करायचा. गजरा बांधताना दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवतात. दोरा ताणलेला राहतो आणि दोन्ही हात कळ्यांना मोकळे मिळतात. माझ्या अंगठ्यावर त्या दोऱ्याचा वळ पडलाय, तो अजून गेलेला नाही.

भाऊ सातवीत असताना एकदा शाळेतून रडत आला. बाई सगळ्या वर्गासमोर त्याला म्हणाल्या होत्या, "हा निबंध आहे की किराण्याची यादी?" विषय होता आवडता सण. त्यानं पोळा घेतला होता. पहिल्या परिच्छेदात बैल, दुसऱ्यात पुरणपोळी, तिसऱ्यात मामाचं गाव, मग पुन्हा बैल. एकेक परिच्छेद बरा होता. पण एक संपला की वाचणारा कठड्यावरून खाली पडायचा, आणि दुसरा भलतीकडूनच सुरू व्हायचा. मी गजरा बांधत होते. हातात होतं तेच मी त्याला दाखवलं.

"इकडं बघ. ही कळ्यांची जोडी ठेवली, दोरा फिरवला. आता फास लगेच आवळला तर काय होईल?"

"घट्ट बसेल."

"घट्ट बसेल, पण पुढची जोडी लांब पडेल. मधे नुसता दोरा दिसेल. म्हणून पुढची जोडी बोटांत आल्याशिवाय आधीचा फास आवळायचा नाही. तसंच लिही. बैलांचा परिच्छेद संपवायच्या आधी पुरणपोळी बोटांत धर."

"म्हणजे कसं?"

"मामाचे बैल मिरवून घरी आले की मामी त्यांना आधी काय भरवते?"

"पुरणपोळी."

"झालं. तिथंच सोड. पुढचा परिच्छेद आपोआप पुरणपोळीपासून सुरू होतो."

गाडीच्या पुढच्या बाजूनं आई ओरडली, "गजरे बांधताय का शाळा भरवताय?" पण ती हसत होती. त्या दिवसापासून भावाचे निबंध तसेच तयार व्हायचे. तो वाचायचा, मी मान खाली घालून बांधत बांधत ऐकायचे, आणि एका परिच्छेदातून दुसऱ्यात जाताना जिथं खटकलं तिथं नुसतं "दिसला" म्हणायचे. म्हणजे दोरा दिसला. तो खोडायचा आणि पुन्हा जोडायचा. शाळेत माझे स्वतःचे निबंध बाई दुसऱ्या वर्गात नेऊन वाचायच्या. बढाई म्हणून सांगत नाही. माझ्याकडं काय होतं तेही कुठंतरी लिहिलेलं असावं, एवढंच.

मी अकरावीत गेले आणि आईला लकवा मारला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणं हळूहळू परत आलं, पायही थोडाफार चालायला लागला, हात आला नाही. मी कॉलेज सोडलं. सोड असं कुणी म्हणालं नाही, सोडू नको असंही कुणी म्हणालं नाही. गाडी होती, भाऊ शाळेत होता, आणि पहाटे बाजारातून फुलं आणायला कुणीतरी जायलाच हवं होतं. कॉलेजच्या वयाची मुलगी बघून मोठे व्यापारी शिळा माल गळ्यात मारायचे. मग मी आवाज चढवायला शिकले, भाव अर्धवट सोडून उठून जायला शिकले, आणि उठल्यावर मागं वळून बघायचं नाही हेही शिकले. वळलं की समोरचा ओळखतो, हिला माल हवाय.

आईला एकटीला ठेवायला जीव होत नव्हता, म्हणून फुलं घरी आणून मी तिच्या खाटेशेजारी बसायचे, गजरे बांधायचे आणि मग गाडीवर जायचे. पहिल्याच दिवशी मी दोरा अंगठ्याला अडकवायला लागले तर आई म्हणाली, "तिथं नको. माझ्याकडं दे." मी दोऱ्याचं टोक तिच्या डाव्या हातात दिलं. तिनं ते बोटाला गुंडाळलं आणि ताणून धरलं. तेव्हापासून ती जाईपर्यंत घरी बांधलेला प्रत्येक गजरा मी असाच बांधला. एक टोक तिच्याकडं, एक माझ्याकडं. दोरा सैल पडला की मान वर न करता मला कळायचं, आई झोपली. बाजारात कुणाशी वाजलेलं असलं की मी फास जोरात ओढायचे. मग खाटेवरून आवाज यायचा, "कळीनं काय घोडं मारलंय तुझं? हळू." काम संपलं की मी तिच्या उजव्या हाताची मिटलेली बोटं एकेक करून उघडायचे, तेल लावायचे, पुन्हा मिटू द्यायचे.

भाऊ आतल्या खोलीत अभ्यास करायचा. त्याला मी कधी गाडीवर बसवलं नाही. तो शिकला, खूप शिकला. मनमाडला शिकवायची पहिली नोकरी लागली तेव्हा पहाटे डबा घेऊन तो आणि फुलं आणायला मी एकदमच बाहेर पडायचो. मला ओझरचं एक स्थळ आलं होतं. माणसं बरी होती. लग्नानंतर आई माझ्याबरोबर राहील, असं मी सांगितलं. त्यांनी चहा पूर्ण प्यायला, नमस्कार केला, आणि पुन्हा आली नाहीत. त्यानंतर मी घरात तो विषय काढू दिला नाही.

गाडीवरून पुढं मी बाजारात गाळा घेतला, गजरे मात्र घरी बांधतच राहिले. आज भाऊ गंगापूर रोडला क्लास चालवतो. शाळेतल्या आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलांना निबंध शिकवतो. बाहेर फलकावर त्याचा मोठा फोटो आहे. मुलं सर म्हणतात, मुलांचे आईबाप सर म्हणतात, त्याच्या बायकोलाही आता तसंच म्हणायची सवय लागलीय. परिच्छेद जोडायला शिकावं तर सरांकडं, असं लोक बोलतात. "चांगल्या गजऱ्यात दोरा दिसत नाही," असं तो फळ्यापुढं उभा राहून सांगतो आणि मुलांना वाटतं, सरांना काय एकेक सुचतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, गाडीमागच्या पोत्यावरून आपली गोष्ट इथवर आली.

आई गेली तेव्हा मी तिच्याजवळ होते. दोरा सैल पडला आणि मला वाटलं झोपली. याच्या पुढचं मी लिहिणार नाही.

त्यानंतरच्या दिवाळी अंकासाठी भावाला आईवर लिहायला सांगितलं गेलं. त्याचे मला फोन यायला लागले. गाडीला रंग कुठला होता? आई फुलांवर पाणी मारताना काय पुटपुटायची? गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं तर काय म्हणायची? त्याला फारसं आठवत नव्हतं, मला सगळं आठवत होतं, मी सगळं दिलं. मग एका रविवारी सकाळी तो माझ्याकडं आला आणि गॅलरीत बसून त्यानं निबंध वाचून दाखवला. नाव होतं 'आईचे हात'. सुरुवातीला हातगाडी होती, आईची भराभर चालणारी बोटं होती. शेवटी त्याची पदवी होती. आणि मधे एक परिच्छेद होता. त्यात आईचा उजवा हात गेला होता, डाव्या हातात दोरा होता, आणि दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला मी होते. त्यानं लिहिलं होतं, "त्यानंतर आमच्या घरात आईचे हात म्हणजे ताईचे हात."

मी रडले. मला रडताना फार थोड्या लोकांनी पाहिलंय.

"कसा झालाय?" त्यानं विचारलं.

"चांगला झालाय. एका ठिकाणी दिसला."

"कुठं?"

"मधला परिच्छेद संपून तुझ्या पदवीकडं जाताना."

"हो, मलाही जाणवलं," तो म्हणाला. "बघतो."

त्यानं बघितलं.

अंक छापून आला तो मी देवापुढं ठेवला, उघडला नाही. ऐकलेलाच होता. दिवाळीनंतर अंकात लिहिणाऱ्यांचा वाचनाचा कार्यक्रम ठरला. सभागृहातल्या स्टेजवरची फुलं माझ्याकडून गेली होती, पांढरी शेवंती मी स्वतः निवडून दिली होती. पुढून तिसऱ्या रांगेत बसले. भाऊ वाचायला उभा राहिला. गाडी आली. आईची बोटं आली. आता मधला परिच्छेद येणार म्हणून मी पर्समधून रुमाल काढून हातात धरला. आणि त्यानं वाचलं, "आई कळीला कळी जोडत राहिली, थकली ती फक्त तिची बोटं. असेच दिवस गेले, आणि त्याच बोटांच्या कमाईवर मी एक दिवस पदवी घेऊन घरी आलो."

मला वाटलं त्याच्याकडून एक पान उलटायचं राहिलं. तो आत्ता थांबेल, माफ करा म्हणेल, मागं जाईल. मी वाट बघत राहिले. तो पुढंच गेला. आईनं पदवीच्या दिवशी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, तिथं सभागृहात नाक ओढल्याचे आवाज आले. मग टाळ्या.

माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "किती सुरेख. कुठं अडखळायलाच होत नाही. तुम्ही सरांच्या कोण?"

मी म्हणाले, "फुलं माझ्याकडून आलीत."

घरी येऊन देवापुढचा अंक घेतला आणि थेट मधे उघडला. तेच होतं. वाचताना राहून गेलं नव्हतं, छापतानाच गेलं होतं.

मला काय लागलं ते नीट सांगते, कारण भावाचं म्हणणं असं की मला नाव हवंय. नाव मला पुष्कळ आहे, बाजारात विचारा. मला लागली ती 'त्याच बोटांच्या कमाईवर' ही ओळ. ती बोटं त्या सगळ्या वर्षांत मिटलेली होती. मी रोज उघडत होते. निबंधात आईचा लकवा नाही, तिनं इतकी वर्षं जे सोसलं ते नाही, डाव्या हातानं ती काय करत राहिली तेही नाही. माझ्याबरोबर माझी आईसुद्धा त्यातून गेली. उरली ती भावाच्या सोयीची एक बाई, जिचे हात कधी थांबत नाहीत.

आणि दुसरी गोष्ट मला सांगायला जड जाते. जोड उत्तम आहे. मी भाव करणारी बाई आहे. चांगल्या मालाला वाईट म्हणते ती भाव पाडण्यापुरती, मनात मला खरं माहीत असतं. आधीचा परिच्छेद बोटांवर संपतो आणि पुढचा त्याच बोटांवरून सुरू होतो. पुढची जोडी बोटांत आल्यावर फास आवळलाय, मी दाखवला होता अगदी तसा. कुठंही दोरा दिसत नाही. माझी सगळी वर्षं 'असेच दिवस गेले' एवढ्यात मावली आणि वाचणाऱ्याला पत्ता लागला नाही.

थोड्याच दिवसांत कळलं की भाऊ मुलांसाठी नमुना निबंधांचं पुस्तक काढतोय आणि त्यात पहिला निबंध हाच आहे. अंक रद्दीत जातो. पुस्तक मुलं पाठ करतात. एकदा पाठ झालं की आईचं आयुष्य तेवढंच, पुसता येणार नाही. म्हणून मी दुपारी त्याच्या क्लासवर गेले. एक बॅच सुटली होती, दुसरी यायची होती. फळ्यावर गोदावरी नदीवरचा निबंध त्याच्या सुंदर अक्षरात होता. एक परिच्छेद त्र्यंबकेश्वरच्या उगमाचा, मधला नाशिकचा, शेवटचा समुद्राला मिळण्याचा.

"ये ताई. चहा सांगू?"

"चहा नको. माझा परिच्छेद दे."

त्यानं दार लोटून घेतलं. "तुला कार्यक्रमात राग आला ते कळलं मला. पण ऐक. ताई, परिच्छेद जुळत नव्हते. तुझा वाईट नव्हता. जड होता. वाचक तिथं थांबतो आणि मग आईकडं परत यायला त्याला वेळ लागतो. निबंध आईचा आहे."

"मी आईपासून लांब होते का? दोऱ्याच्या अंतरावर होते."

"चांगल्या गजऱ्यात दोरा दिसत नाही, ताई. तूच शिकवलंस."

"दिसत नाही म्हणाले होते. दोरा नव्हताच असं नव्हते म्हणाले."

मी खुर्ची ओढली. मला एकच काम नीट येतं, ते मी सुरू केलं.

"बरं, परिच्छेद राहू दे. तीन वाक्यं दे."

"तीन वाक्यं म्हणजे परिच्छेदच झाला की."

"दोन."

"कुठं घालू? बोटांवरून बोटांवर जायचंय. मधे काही आलं की तुटतं."

"एक वाक्य. आईचा उजवा हात गेला होता, एवढंच. मी नको त्यात."

"मग पुढचं 'त्याच बोटांच्या कमाईवर' खोटं ठरतं."

"ते आताही खोटंच आहे."

"निबंध म्हणजे पंचनामा नव्हे, ताई."

"मग एक शब्द दे," मी म्हणाले. "'असेच दिवस गेले' लिहिलंयस, त्याच्या आधी 'ताईचे' लिही. ताईचे असेच दिवस गेले. बघ, चाल बिघडत नाही."

त्याचे ओठ हलले. लहानपणी गाडीमागं बसून वाक्य मनात म्हणून बघायचा, तसे हलले. तेवढा वेळ मला वाटलं, तयार झाला. मला तो मुलगा ओळखू आला.

मग तो म्हणाला, "ताई म्हटलं की वाचक विचारतो, कोण ताई, तिचं पुढं काय झालं. उघडलेली गोष्ट बंद करावी लागते. तेवढी जागा नाही."

बाजारात परिच्छेदावरून शब्दावर मी कुणासाठी आलेली नाही. आणि मी एवढी खाली आले तरी समोरचा जागचा हलला नाही, असंही कधी झालेलं नाही. कुणीतरी थोडं चढतंच. तोंडदेखलं का होईना, पण चढतं.

मी उठले, डस्टर घेतलं आणि फळ्यावरचा मधला परिच्छेद पुसून टाकला. रामकुंड गेलं, घाट गेले, नदीकाठी भरणारा बाजार गेला. "वाच," मी म्हणाले. "उगम त्र्यंबकला. खाली लिही, असंच पाणी वाहत गेलं आणि समुद्राला मिळालं. जुळतंय का?"

त्यानं फळ्याकडं पाहिलं. मनातल्या मनात वाचलंही असावं, कारण तो मास्तर आहे. "जुळतंय," तो म्हणाला.

"नाशिक गेलं तरी?"

दार उघडून मुलं आत यायला लागली होती. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, ह्या कोण?" भाऊ म्हणाला, "बसून घ्या. वह्या काढा." आणि मला हळूच, "ताई, मुलं आलीत गं."

मी बाहेर पडले. दारातून मागं वळून बघितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. त्यानं खडू घेतला होता आणि नाशिकचा परिच्छेद फळ्यावर पुन्हा लिहायला सुरुवात केली होती. कुठं बघायची गरज नव्हती त्याला. शब्दन् शब्द पाठ होता.

पुस्तक निघालं. मखमलाबादचा तोच मळेकरी परवा झेंडू घेऊन आला आणि क्रेट उतरवता उतरवता म्हणाला, "ताई, आमची पोरगी सरांचा निबंध पाठ करती. शाळेत भाषण हाय तिचं. तुमचेच भाऊ ना ते? तुमच्या आईचे हात लय भारी होते म्हनं. शेवटपर्यंत थांबले नाय."

मी त्या दिवशी क्रेटमधे हात घातला नाही. त्यानं सांगितला तो भाव दिला. तो घाबरला. पैसे हातात धरून तिथंच उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, बरं नाय का तुम्हाला?"

हे सगळं मी लिहिलंय त्यात परिच्छेद जुळलेत की नाहीत, मी बघितलेलं नाही. जिथं दोरा दिसतो तिथं दिसू दे.

आणि हे मी तुझ्यासाठी लिहिलंय, म्हणून आता तुझ्याशीच बोलते. मी तुझ्या वर्गाच्या दारात येणार नाही, भावही करणार नाही. परिच्छेद नको, वाक्य नको, तो शब्दही नको, मागितलेलं सगळं परत घेते. मला आता फक्त उत्तर पाहिजे. तू सर आहेस, मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देणं तुझं काम आहे, आणि हा प्रश्न मुलं विचारणार नाहीत कारण तू तो त्यांच्यापुढं येऊच दिला नाहीस. मी विचारते. असेच दिवस गेले, म्हणजे कसे गेले? आईच्या डाव्या हातात दोऱ्याचं एक टोक होतं. दुसरं टोक कुणाच्या हातात होतं? घरी येऊन मला सांगू नकोस, मला माहीत आहे. जिथं छापलंस तिथं सांग.